मागेल त्याला डबी

मी एक जुनी पितळी डबी आहे. तंबाखू-चुन्याची, दोन तोंडांची. एका तोंडात तंबाखू, दुसऱ्यात चुना, मध्ये पितळेचा पातळ पडदा. मित्रांनो, दोन तोंडं असूनही मी आजवर एकदाही खोटं बोलले नाही, आणि हे माझं आजचं पहिलं खोटं. पुढे आणखी येतील. थापा कुठे संपल्या आणि खरं कुठून सुरू झालं, हे मी वेगळं सांगणार नाही. जिथून गोष्ट ऐकवेनाशी होईल, तिथून खरी समजा.

माझं पितळ वरणगावच्या कारखान्यात तोफगोळे व्हायला निघालं होतं, असं मी सगळ्यांना सांगते. वाटेत गाडीचा खिळा निसटला, एक पत्रा घरंगळत भुसावळच्या एका तांबटाच्या दारात आला, आणि ज्या पितळेनं शत्रू मरायचा त्याची मी डबी झाले. तांबट मात्र म्हणायचा, हिचं पितळ म्हणजे फुटक्या समईचं बूड. तांबटांचं फार मनावर घेऊ नका.

माझे पहिले धनी पितांबर नाना. रावेरकडच्या एका गावात त्यांची केळीची बाग होती. नाना तळहातावर तंबाखू मळून टाळी मारत, तेव्हा तापीच्या पलीकडचे बगळे उडत. एकदा माझ्यातला चुना इतका कडक निघाला की झाकण उघडताच समोर बसलेल्या तलाठ्याची मिशी पांढरी झाली. बिचारा पुढे जन्मभर कलप लावत राहिला. खोटं वाटतं? वाटू द्या. याहून अवघड गोष्टींवर आमच्या गावानं विश्वास ठेवलाय.

पण एक रीत मी सांगते, ती अगदी खरी. आमच्याकडे डबी मागितली की द्यावी लागते. पाणी विचारून देतात, भाकरी माणूस पाहून देणारे अजून आहेत, पण डबीला कोणी नाही म्हणत नाही. मागणारा हात पसरून चिमूटही घेत नाही. तो अख्खी डबी घेतो, स्वतः उघडतो, स्वतः मळतो आणि झाकण लावून परत करतो. नानांचा त्यांच्या चुलतभावाशी बांधावरून दावा चालू होता. तारखेच्या दिवशी दोघं कोर्टाच्या पायरीवर दोन टोकांना बसत, एकमेकांचं तोंड पाहत नसत, आणि मधल्या लोकांच्या हातून मी या टोकाहून त्या टोकाला फिरत असे. दावा मिटला नाही. तंबाखू मात्र दोघांनी मिळून संपवला.

नाना म्हणायचे, "ज्याची डबी कोणी मागत नाई, तो माणूस मेला समजा, भो. फक्त न्यायचा राह्यला."

नानांना न्यायची वेळ आली तेव्हा डबी मागणाऱ्यांनी अंगण भरलं होतं. मी त्यांच्या धाकट्या मुलाकडे आले. त्याचं नाव अभिमन.

अभिमनचं चित्त बागेत लागलं नाही. तो ट्रकवर बसला. सावद्याहून केळीचे घड भरायचे आणि जळगाव, पारोळा, धुळे, साक्री, नवापूर करत सुरत गाठायची. मी त्याच्या शर्टाच्या खिशात, बरोबर काळजावर. त्याला तंबाखू लागे, पण चुना तो पानटपरीवरच्या प्लॅस्टिकच्या पुडीतला घेई. त्यामुळे माझं चुन्याचं तोंड रिकामं पडलं. रिकाम्या तोंडाचं काही खरं नसतं. त्यात काहीतरी येऊन बसतंच.

धुळ्याच्या पुढे साक्री रस्त्यावर मोहिनीची खानावळ आहे. तिची शेवभाजी अशी जहाल की एक ड्रायव्हर जेवून उठला आणि बाहेर उभ्या ट्रकचं रेडिएटर उकळलं. मोहिनीला नवरा नाही. अभिमन तिच्याकडे जेवायला थांबे, आणि नुसता जेवायला नाही. तिच्याकडे आणखीही काही जण येत, आणि ते तिनं कधी लपवलं नाही. नवापूरच्या पुढे अभिमनचीही थांबायची ठिकाणं होती, ती त्यानं कधी कोणाला सांगितली नाहीत. घरी त्याची बायको होती, कामिनी. एक लहान मुलगी होती. मी पडले खिशातली डबी, न्याय करायला मला कोण विचारतो? मी काळजाचे ठोके ऐकायची, आणि ते कोणत्या दारात किती वाढतात हे ओळखायची.

एका दुपारी मोहिनीनं त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि समोर बसली.

"उद्या मनासंगे चाल," ती म्हणाली. "संस्थानी बाई येस. रगत तपासस, मंग गोळी देस. मी रोज लेस."

"मले काय झालंय?"

"काहीच व्हयेल नही. म्हणीसनच लेवानी."

अभिमन हसला. "ताप नसताना तापाची गोळी खातं का कोणी? येडी झाली का तू?"

"मनाकडे चार जण येतस. तू बी चार दारे फिरस. मले दखास नही का?" मोहिनी काही रागावून बोलत नव्हती, भाकरी मोडावी तसं बोलत होती. "तुना घर बायको शे. तिनी काय बिघाडेल शे तुनं?"

दुसऱ्या दिवशी अभिमन तिच्याबरोबर गेला.

संस्थेच्या बाईंनी आधी रक्त तपासलं. एचआयव्ही नव्हता. मग त्यांनी समजावलं. ही गोळी रोग नसलेल्यांनी, तो होऊ नये म्हणून घ्यायची. रोज घ्यायची, चुकवायची नाही. ठरल्या वेळी रक्त पुन्हा तपासायचं. आणि निरोध सोडायचा नाही, कारण बाकीचे रोग ही गोळी अडवत नाही.

अभिमन म्हणाला, "म्हणजे करप्याची फवारणी."

"म्हणजे?"

"केळीच्या पानावर करपा पडतो ना, मॅडम. ठिपके यायच्या आधी फवारा मारावा लागतो. ठिपके आल्यावर मारला तं नुसती पानं धुणं झालं."

बाई हसल्या. "उद्यापासून मी हेच सांगत जाईन," त्या म्हणाल्या.

केळीवाल्याच्या पोराला अशी गोष्ट चटकन कळली. घोळ त्यानं पुढे घातला. गोळ्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बाटलीत होत्या. याच बाटलीत ठेवा, दमट हवेनं खराब होतात, असं बाईंनी बजावलं होतं. पण बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव होतं, आणि ते नाव कोणी वाचलं तर काय, या भीतीनं अभिमननं बाटली रस्त्याकडेच्या बाभळीत भिरकावली. निळ्या गोळ्या माझ्या चुन्याच्या तोंडात ओतल्या आणि झाकण दाबून लावलं.

मित्रांनो, एवढा मोठा ट्रक. सीटखाली जागा होती, हत्यारांच्या पेटीत होती, देवाच्या फोटोमागे होती. आणि या शहाण्यानं गोळ्या लपवल्या कुठे, तर जी मागेल त्याच्या हातात द्यावी लागते तिच्या पोटात. परमुलखातला माणूस असली चूक करणार नाही. आमच्याकडच्या माणसाला डबी म्हणजे आपल्या अंगाचाच भाग वाटतो, म्हणून ती दिवसभर गावाच्या हातांतून फिरते हे त्याच्या ध्यानातच राहत नाही.

तरी ते दिवस माझे सगळ्यात चांगले. अभिमन रोज सकाळी चहाआधी मला उघडायचा, एक गोळी तोंडात टाकायचा, वर पाणी प्यायचा. सुरुवातीला त्याला थोडं मळमळलं, मग थांबलं. आजवर माझ्यामुळे लोकांचे दात गेले, गाल गेले. नानांचा तर जबडा गेला, आणि मागून नाना. आता पहिल्यांदाच माझ्या पोटात असं काही होतं की ज्यानं माणसाचं काही जाणार नव्हतं. मी इतकी चकाकू लागले की समोरून येणाऱ्या गाड्या दिवे खाली घेत.

मग एके दिवशी सावद्याजवळच्या तळावर गाडी भरणं चालू होतं. केळीची हिरवी पानं अंथरून घड रचत होते. भटू नावाचा ड्रायव्हर, अभिमनचा जुना सोबती, टायरला टेकून बसला होता. त्यानं हात पुढे केला.

"डबी दे रे."

अभिमननं दिली. हात आधी पुढे गेला, डोकं मागून आलं. तोवर भटूनं उलटं तोंड उघडलं होतं.

"अय बापा," भटू म्हणाला. त्यानं एक गोळी दोन बोटांत धरून उन्हात पाहिली. "निळी गोळी? पेपरच्या कोपऱ्यात जाहिरात येते, तीच ना ही?"

घड रचणारे हात थांबले. सगळे बघू लागले. अभिमनचं काळीज माझ्या रिकाम्या खिशामागे कसं उडत असेल ते मला भटूच्या हातातूनही कळत होतं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. खोटं सांगायला त्याहून कमी लागलं.

"तीच," अभिमन म्हणाला.

तळावर जो हशा पिकला, तो ऐकून बऱ्हाणपूरकडे जाणारी गाडी थांबली असं मी म्हणते. थांबली नसेलही. पण अभिमन त्या दिवसापासून पहिलवान झाला. चहा सगळ्यांच्या आधी त्याच्या हातात येऊ लागला. "आपला अभिमन म्हणजे, दर नाक्यावर सासरवाडी," असं भटू कौतुकानं सांगू लागला. म्हातारे त्याला बाजूला घेऊन खांद्यावर हात ठेवू लागले. कामिनीचं नाव यात कोणी काढलं नाही. एवढ्या बायकांसाठी जो गोळ्या खातो त्याच्या घरी एक बायको आहे, ही आठवण कोणालाही झाली नाही.

आणि मग मागणं सुरू झालं. डबी मागितली की द्यावी लागते, आणि डबीत काय आहे ते आता सगळ्यांना माहीत होतं. भटूनं एक खाल्ली आणि सांगितलं की त्यानं बिघडलेला ट्रक एकट्यानं ढकलला. गाडी भरणाऱ्या दोघांनी अर्धी अर्धी वाटून घेतली. केळीचे व्यापारी निर्मलकुमार शेठ, तळावरच्या कचेरीत गादीवर बसतात, त्यांनी अभिमनला आत बोलावून घेतलं.

"आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत," शेठजी हळूच म्हणाले. "वयस्कर आहेत. त्यांना एक हवी होती."

"घ्या ना शेठजी."

"दोन असू दे. ते जरा जास्तच वयस्कर आहेत."

दुसऱ्या दिवशी शेठजी केस काळे करून आले आणि कचेरीच्या पायऱ्या न मोजता चढले. मित्रांनो, मी साक्षीला आहे. त्या गोळीत तसल्या कामाचं काहीही नव्हतं. जे काही झालं ते शेठजींचं स्वतःचं होतं, आणि मला विचाराल तर फारसं काही झालंही नसावं. पण मी सांगितलेल्या बगळ्यांवर विश्वास न ठेवणारी माणसं त्या निळ्या गोळीवर शपथ घ्यायला तयार होती.

अभिमनच्या वाट्याच्या गोळ्या अशा वाटल्या गेल्या. एखादी सकाळ कोरडी जाऊ लागली, मग दोन सकाळी. धुळ्याला मोहिनीच्या ते लक्षात आलं.

"इतल्या लवकर सरन्या?"

"लोकांनी मागितल्या."

त्यानं सगळं सांगितलं तेव्हा मोहिनी आधी खूप हसली. मग हसायची थांबली. "आते सांगी टाक त्यासले, काय शे ती."

"आता कसं सांगू? आता मान हाये गावात."

"मान," मोहिनी म्हणाली आणि ताटं उचलायला गेली.

मान टिकला तो शेठजींच्या हावेनं गेला. त्यांना गोळ्यांचा साठा हवा होता. त्यांनी एक गोळी जळगावला आपल्या पुतण्याकडे, अखिलकडे पाठवली. अखिलचं तिथे औषधांचं दुकान. त्याचा फोन आला तेव्हा शेठजींनी नुकतंच मला मागून घेतलं होतं आणि मी गादीवर पडले होते. ज्याला दोन तोंडं, त्याला चार कान. मी सगळं ऐकलं.

"काका, ही तुम्हाला वाटते ती नाही," अखिल म्हणाला. "ज्याला एचआयव्ही नाही, त्याला तो होऊ नये म्हणून ही रोज घेतात. निरोगी माणसंच घेतात. आपल्या घरात कोणाला लागली?"

"कोणाला नाही," शेठजी म्हणाले आणि फोन ठेवला.

मग त्यांनी चूळ भरली. परत भरली. घरी जाऊन आंघोळ करून आले आणि ज्या गादीवर मी पडले होते तिची खोळ बदलायला लावली. अखिलनं सांगितलं ते त्यांनी पूर्ण ऐकलं होतं, पूर्ण समजलंही होतं. बाहेर येऊन सांगताना मात्र त्यांनी अर्धंच सांगितलं. ती एड्सची गोळी आहे. अभिमनला तो रोग आहे. आपल्या ओळखीच्या वयस्कर गृहस्थांविषयी ते काही बोलले नाहीत.

इथून पुढे, मित्रांनो, मला थाप मारायला जागा मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी अभिमन तळावर आला, टायरला टेकून बसला आणि त्यानं मला बाहेर काढलं. कोणी हात पुढे केला नाही. त्यानं स्वतः तंबाखू मळला, टाळी मारली, आणि मला भटूपुढे धरलं.

"नको भो," भटू म्हणाला. "मी तंबाखू सोडली."

त्याचा गाल तेव्हा तंबाखूनं भरलेला होता.

"मले काही रोग नाई, भटू," अभिमन म्हणाला. "ऐकून तं घे. करप्याची फवारणी कशी, ठिपके यायच्या आधी? तशी ती गोळी. रोग होऊ नये म्हणून."

"चांगल्या माणसाले असली गोळी लागते कायले?"

"परवा तं तूच मागत व्हता."

"परवा ती वेगळ्या कामाची व्हती," भटू म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जरासुद्धा लाज नव्हती.

अभिमननं खिशातून रक्ततपासणीचा कागद काढला. निरोगी लिहिलंय, वाचा, म्हणाला. घड रचणाऱ्यांपैकी एकानं वरूनच उत्तर दिलं, "ज्याले रोग नाई तो तपासाले जातोच कशाले?" यावर सगळ्यांनी माना हलवल्या. गोळी दहा बायकांकडे जाण्यासाठी होती तोवर अभिमन मर्द होता. गोळी एका बायकोला वाचवण्यासाठी आहे म्हणताच तो घाण झाला.

गोष्ट ट्रकपेक्षा आधी गावात पोचली. कामिनीनं त्याला दारातच विचारलं, "खरं काय ते मले सांगा." अभिमननं तिला सांगितलं. गोळीचं सांगितलं, ती घ्यायला लावणाऱ्या मोहिनीचं सांगितलं, आणि गोळी कशामुळे लागते तेही सांगावं लागलं. ती चुलीपुढे बसून राहिली. मुलगी येऊन मांडीत झोपली तरी हलली नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "बाहेरची बाई माह्यासाठी गोळी खाय म्हणते. आणि घरचा माणूस डबीत लपवते."

कामिनीचा भाऊ योगराज तिला माहेरी न्यायला आला. भावकी जमली. आमच्या गावाच्या शिवेवर मरीमातेचा ओटा आहे, गावात रोगराई येऊ नये म्हणून पूर्वजांनी बसवलेला. तिथे अभिमनला उभं केलं.

"कामीले नांदवायची असली तं एकच गोष्ट," योगराज म्हणाला. "आईसमोर शपथ घ्या. ती गोळी सोडली म्हणा. गोळी सुटली म्हणजे रोग नाई, आम्ही मानलं."

"अरे योगराज, गोळी सोडली तंच रोग व्हईन."

"म्हणजे सोडत नाई?"

सगळे अभिमनकडे बघत होते. तळावरची माणसंही आली होती. त्याला गाडी मिळणं बंद झालं होतं, दुकानात सुटे पैसे हातात न देता फळीवर ठेवत होते, मुलीला शाळेत शेजारी कोणी बसवून घेत नव्हतं. गोळी सोडली की हे सगळं परत मिळणार होतं. त्यानं मला खिशातून काढलं.

लिंबाखाली बायका उभ्या होत्या. तिथून कामिनी बोलली.

"आणि तिकडं जाणं?"

"काय?" योगराज म्हणाला.

"गोळी सोड म्हणता. रस्त्यावरचं जाणं सोड, असं कोणीच म्हणत नाई."

पुरुषांत जरा चुळबुळ झाली. कोणी तरी खाकरलं. मग तिचाच सख्खा भाऊ म्हणाला, "कामे, तू गप राह्य. डायवरचा धंदा हाये. ते चालतंच."

ते चालतंच. मित्रांनो, मी तोफगोळा झाले असते तर त्या ओट्यावर फुटले असते. पण मी डबी. अभिमननं माझं झाकण उघडलं आणि उरलेल्या गोळ्या ओट्यावर ओतल्या. योगराजनं दगडानं ठेचल्या. निळी भुकटी झाली. एका कोंबडीनं येऊन ती टिपली. रोग अडवणाऱ्या देवीपुढे त्या दिवशी रोगापासून वाचली ती फक्त कोंबडी.

भावकीनं मला मागून घेतलं, तंबाखू काढला, हातोहात फिरवलं. भटूनं मोठी चिमूट घेतली. अभिमन परत माणसांत आला.

पुढच्या फेरीला मोहिनी दारातच उभी राहिली.

"सोडी दिनी का गोळी?"

"घ्यावी लागली शपथ."

"मंग मनी पायरी बी सोड," ती म्हणाली. "तुले टाकस नही मी. मी मले सांभाळस." तिनं त्याला पोटभर जेवू घातलं, बाहेरच्या बाकावर, आणि आत गेली.

अभिमननं तिची पायरी सोडली. बाकीच्या पायऱ्या सोडल्या नाहीत. तिकडे गोळी घेतोस का असं कोणी विचारत नव्हतं, निरोध आहे का असंही नाही, आणि त्या न विचारण्यात त्याला बरं वाटत असावं. मी खिशात होते. काळजाचे ठोके ऐकत होते. चुन्याच्या तोंडात आता भुकटीचा निळा डाग तेवढा होता.

वर्ष उलटून गेलं. कामिनीला दिवस गेले. गरोदरपणात सरकारी दवाखान्यात सगळ्याच बायकांचं रक्त तपासतात, तसं तिचंही तपासलं. मग तिला आत बोलावलं. मग अभिमनला बोलावलं, आणि त्याचंही तपासलं. तिथे मी खिशात होते, आणि काळीज एकदम इतकं शांत झालं की मला वाटलं मी चुकून टेबलावर राहिले.

दवाखान्यातल्या बाईंनी कामिनीला सांगितलं की आजपासून रोज गोळी घेतलीत तर पोटातलं बाळ वाचेल, आणि तुम्ही दोघंही चांगलं आयुष्य जगाल.

"रोज?" कामिनीनं विचारलं.

"रोज. जन्मभर."

ती अभिमनकडे वळली. तो रडत होता. ती रडली नाही. "तेव्हा तुमच्यापुरती घ्यायची व्हती," ती म्हणाली. "तेव्हा लाज वाटली."

गावाला कळलं तेव्हा गावानं काय म्हणावं? गाव म्हणालं, बघा, आम्ही म्हणत नव्हतो, ती गोळी रोगाचीच होती. गोळी ठेचली तो दगड अजून ओट्याजवळ पडून आहे. त्याच्याकडे बोट दाखवून भटू नव्या ड्रायव्हरांना सांगतो की असल्या गोळ्यांच्या नादी लागू नका. तिकडे साक्री रस्त्यावर मोहिनी अजून शेवभाजी करते, रोज सकाळी गोळी घेते, आणि तिचं रक्त स्वच्छ आहे. या सगळ्या गोष्टीत जिला आमच्या गावानं उंबऱ्यात उभं केलं नसतं, ती एकटी निरोगी राहिली. अभिमनच्या पैशानं नाही, देवीच्या ओट्यानं नाही. तिनं आधी विचारलं आणि स्वतःची गोळी चुकवली नाही, तेवढ्यावर.

कामिनीला मुलगा झाला. त्याला रोग नाही. गोळ्यांची बाटली आता लपलेली नाही. ती पाण्याच्या माठाशेजारी, सगळ्यांना दिसेल अशी असते, आणि दोघं चहाआधी एकेक गोळी घेतात. अभिमननं ट्रक सोडला. बाग करतो. संध्याकाळी पारावर जाऊन बसतो, मला समोर ठेवतो, आणि तशीच उचलून घरी आणतो. नानांचं वाक्य त्याला आठवत असणार. मला तर विसरताच येत नाही.

बारशाला योगराज आला. दारातच बसला, आत आला नाही. कामिनीनं आदल्या दिवशी मला चिंचेनं घासलं होतं. चुन्याच्या तोंडातला निळा डागही काढला होता. दोन्ही तोंडं भरून तिनं मला भावापुढे ठेवलं.

योगराजनं माझ्याकडे पाहिलं. मग खिशातून स्वतःची पुडी काढली.

"घे ना, भाऊ," कामिनी म्हणाली.

"आहे माह्याजवळ."

"आता तिच्यात ती गोळी नाई. तूच दगडानं ठेचली व्हती ना? गोळी सुटली म्हणजे रोग नाई, असं तूच म्हटलं व्हतं, आईच्या ओट्यावर." तिनं बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "मंग घे ना. डबीले नाई म्हणत नसतात."

योगराजचा हात निम्म्यापर्यंत आला. तिथेच थांबला. मग तो हात त्यानं गुडघ्यावर ठेवला, आणि जेवण न करता, बाळाला न बघता, उठून गेला. कामिनीनं मला उचललं, झाकण लावलं आणि अभिमनच्या खिशात परत ठेवलं.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मी पितळ आहे. काळी पडले तर चिंच आहे. पण तुमच्यातला कोणी तरी आज आपल्या डबीत, आपल्या पाकिटात, चपलांच्या खोक्यात निळी गोळी लपवून बसला असेल, कारण तुम्ही हसाल याची त्याला रोगापेक्षा जास्त भीती आहे. कधी अशी डबी मागितलीत आणि हात चुकून उलटं तोंड उघडलं गेलं, तर हसू नका, एखादी मागू नका, चूळ भरायला धावू नका. झाकण नीट लावा आणि डबी ज्याची त्याला परत द्या. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागा.